मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा, असं का?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती, असं इंटरनेटवर विचारलं की साधारण १२,५०० किलोमीटर हे उत्तर येतं. त्याखाली प्रवासाचा वेळ म्हणून चौदा-साडेचौदा तास लिहिलेले असतात. विनाथांबा विमानाचं तिकीट बघायला गेलं तर जाण्याचे सोळा तासांच्या आसपास दिसतात, येण्याचे चौदाच्या आसपास. तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी केली तर तिसरंच काही निघतं, कारण रात्री एकला मुंबईहून सुटलेलं विमान त्याच दिवशी सकाळी सात-साडेसातला न्यूयॉर्कला टेकतं. आणि न्यू जर्सीतला मुलगा फोनवर बजावतो, "आई, घरातून निघाल्यापासून माझ्या दारात येईपर्यंत पूर्ण एक दिवस धर."

यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. कुठला आकडा कशाचा, हे एकदा नीट कळलं की लांबच्या प्रवासातली निम्मी धास्ती जाते. पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेल्या आई-वडिलांना हे कुणी शेजारी बसून समजावून सांगत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

१२,५०० किलोमीटर येतात कुठून?

अंतर काढणारी संकेतस्थळं फक्त दोन बिंदू घेतात. मुंबईचा विमानतळ साधारण १९ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे, न्यूयॉर्कचा जेएफके साधारण ४०.६ अंश उत्तर आणि ७४ अंश पश्चिमेला. या दोन बिंदूंमधला, पृथ्वीच्या पाठीवरून जाणारा सर्वांत आखूड रस्ता गणिताने काढला की झालं. भूगोलाच्या पुस्तकात अशा रस्त्याला बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात.

हा रस्ता कुठून जातो, हे बघण्यासाठी घरातला पृथ्वीगोल आणि एक दोरा पुरेसा आहे. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. तो अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाईल असं वाटतं, पण तो सरळ वर सरकतो. सौराष्ट्र आणि कच्छ ओलांडून सिंधमध्ये शिरतो. अफगाणिस्तानातल्या हेरातजवळून तुर्कमेनिस्तान, मग कझाकस्तानचा पश्चिम भाग, रशियातलं व्होल्गाकाठचं सारातोव्ह, त्यानंतर जवळजवळ मॉस्कोवरून. पुढे हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलँडमधलं रेक्याविक, ग्रीनलँडचं अगदी दक्षिणेचं टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, आणि तिथून उतरत न्यूयॉर्क. वाटेत हा मार्ग जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. मुंबईच्या माणसाला अमेरिकेची सर्वांत जवळची वाट आइसलँडवरून असते, हे मला अजूनही दर वेळी थक्क करतं.

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाने आपली समजूत वेगळी करून ठेवलेली असते. त्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि न्यूयॉर्क जोडलं, तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असं करत अटलांटिकवर येते. दिसायला तीच सरळ, पण प्रत्यक्ष मोजलं तर ती सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, म्हणजे आइसलँडवाल्या वाटेपेक्षा सतराशे किलोमीटर जास्त. मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकायचं असेल तर त्यावर सरळ रेघ मारता यावी, हा त्याचा उद्देश होता. त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश ताणावे लागले, म्हणून त्यावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. ताणलेल्या भागातून जाणारी आखूड वाट त्या नकाशावर लांबलचक कमान दिसते, आणि विमानातल्या पडद्यावर ती कमान बघून शेजारचा प्रवासी म्हणतो, "एवढा वळसा कशाला घेतलाय?"

दोन शहरं रेखांशाने जवळजवळ समोरासमोर असली की ही वाट थेट ध्रुवाकडे जाते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली, केवळ महिला वैमानिकांच्या चमूने एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला आणलं ते उत्तर ध्रुवाच्या बाजूने. अंतर सुमारे १४,००० किलोमीटर. पूर्व की पश्चिम, या प्रश्नाचं तिथे उत्तर 'उत्तर' असं होतं.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे बरेच जण गोंधळतात. हेच अंतर कुठे ७,७९० मैल लिहिलेलं असतं, कुठे ६,७७०. पहिले साधे मैल, दुसरे सागरी मैल. विमानांचं सगळं काम सागरी मैलात चालतं आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दोन संकेतस्थळांमध्ये दहा-वीस किलोमीटरचा फरक असेल तर त्याकडे दुर्लक्ष करावं. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. कुणी ते धरतं, कुणी तिला पूर्ण गोल मानून मोकळं होतं.

ती वाट मोकळी असते का?

दोऱ्याने दाखवलेल्या वाटेवर देश आहेत, आणि प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं असतं. परवानगी असेल तरच वरून जाता येतं, तेही शुल्क भरून.

२०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते पूर्णपणे खुलं झालं १६ जुलैला. २४ एप्रिल २०२५ ला पहलगामनंतर त्याने भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा मनाई केली आणि मग महिन्या-महिन्याने ती मुदत वाढत गेली. उत्तरेला रशियाची वेगळीच कथा. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. म्हणजे शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन विमानांना, शेपटीवरच्या देशाच्या खुणेप्रमाणे, वेगळी वाट घ्यावी लागते. फिनलंडच्या फिनएअरवर याचा सर्वांत मोठा घाव बसला. हेलसिंकीहून टोकियोला रशियावरून साडेनऊ तासांत जाणारी त्यांची विमानं तेराच्या आसपास तास घेऊ लागली, काही तर उत्तर ध्रुवावरून.

मुंबईचं यात किती नुकसान होतं? हा हिशेब घरी करून बघण्यासारखा आहे. पाकिस्तान टाळून विमान मस्कतवरून इस्तंबूल आणि तिथून न्यूयॉर्क असं गेलं असं समजू. मुंबई–मस्कत साधारण १,५९० किलोमीटर, मस्कत–इस्तंबूल ३,३५०, इस्तंबूल–न्यूयॉर्क ८,०५०. बेरीज १२,९९०. म्हणजे मॉस्को-रेक्याविक सोडून ओमान-तुर्कस्तान अशी पूर्ण वेगळी वाट धरूनही फक्त साडेचारशे किलोमीटर वाढले, अर्ध्या तासाचं उड्डाण. बृहद्‌वृत्ताचा हा स्वभाव ध्यानात ठेवावा: त्याच्यापासून थोडं बाजूला सरकलं तर फार महाग पडत नाही.

दिल्लीला मात्र महाग पडतं. मुंबई समुद्राकाठी आहे, उड्डाण केलं की समोर मोकळा अरबी समुद्र. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेला गुजरातपर्यंत खाली यावं लागतं आणि मग वळायचं. तिथे एका दिशेला तास-दीड तास सहज वाढतो, इंधन पुरत नाही, आणि म्हणून २०२५ मध्ये एअर इंडियाची दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली. इराण-इराककडे युद्ध पेटलं की मुंबईवाल्यांची ही सोयीची वाटही आखडते, आणि मग तिकिटावरचा वेळ निव्वळ अंदाज उरतो.

वारा

आता खरा मुद्दा. जाताना सोळा आणि येताना चौदा, यातला बराचसा फरक वाऱ्याचा आहे, आणि हा वारा आपल्याला बसल्या जागी दिसू शकतो.

समोरच्या पडद्यावर नकाशा लावला की खाली काही ओळी फिरत असतात: उंची, बाहेरचं तापमान, वेग, समोरचा किंवा पाठचा वारा. बोइंग ७७७ सारखं विमान अकरा किलोमीटर उंचीवर भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. जातानाही तेवढंच आणि येतानाही तेवढंच. पण पडद्यावर जाताना ताशी ८०० दिसतील आणि येताना हजाराच्या वर. पडद्यावर दाखवतात तो जमिनीच्या तुलनेतला वेग. भर पुरात वल्हवणाऱ्या नावाड्याचे हात दोन्ही वेळा सारखेच चालतात. प्रवाहाबरोबर तो भर्रकन जातो, प्रवाहाविरुद्ध काठावरची झाडं सरकता सरकत नाहीत.

आकडे घालून बघू. वाट १३,००० किलोमीटर धरा. जाताना सगळ्या वाटेची सरासरी काढून समोरचा वारा ताशी फक्त ५० किलोमीटर. म्हणजे जमिनीवरचा वेग ८५०, आणि लागणारा वेळ १५ तास १८ मिनिटं. येताना तेवढाच वारा पाठीशी, वेग ९५०, वेळ १३ तास ४१ मिनिटं. एवढ्याशा वाऱ्याने दीड तासाहून जास्त फरक पडला. त्यात दोन्हीकडे जमिनीवर फिरण्याची अर्धा-पाऊण तासाची भर घातली की तिकिटावरचे सोळा आणि चौदा-सव्वाचौदा तास हुबेहूब मिळतात. संकेतस्थळ वारा धरतच नाही. ते अंतराला एका ठरावीक वेगाने भागतं, वर थोडी मिनिटं टाकतं, आणि म्हणून दोन्ही दिशांना एकच उत्तर देतं.

समोरचा वारा जेवढं नेतो तेवढं पाठचा वारा परत देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं. वरच्या उदाहरणात हा तोटा पाच-साडेपाच मिनिटांचाच आहे, वारा दुप्पट झाला तर तो चौपटीच्या आसपास जातो.

हा वारा येतो कुठून? विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गार, त्यामुळे उंचावर हवा ध्रुवाकडे लोटली जाते. विषुववृत्तावर जमीन आणि तिच्याबरोबरची हवा ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असते. ६० अंश उत्तरेला जमिनीचा तोच वेग निम्मा. दक्षिणेकडची वेगवान हवा उत्तरेला गेली की खालच्या जमिनीच्या पुढे धावू लागते, म्हणजे पूर्वेकडे. त्यातून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. मध्यावर ताशी २०० किलोमीटर ही त्यांच्यासाठी नेहमीची गोष्ट, कधी तीनशेच्याही वर. नेमकी हीच उंची प्रवासी विमानांची.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा नीट मोजला होता. जगभर कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरान्तो या कृत्रिम जागतिक भाषेत छापला, आणि म्हणूनच तो फारसा कुणी वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना त्याच वाऱ्याने गाठलं, तेव्हा त्यांचे वैमानिक चक्रावून गेले. इतकं मोलाचं निरीक्षण वीसेक वर्षं कागदात पडून राहावं, याची हळहळ वाटते.

या वाऱ्याची ताकद बघायची असेल तर फेब्रुवारी २०२० मधलं एक उड्डाण पुरेसं आहे. किआरा नावाच्या वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३२० किलोमीटरच्या पुढे गेला होता. आवाजाची भिंत मात्र त्याने ओलांडली नव्हती, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

इथे एक समज दूर करायला हवा, तो फार पसरलेला आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली मुक्काम आपोआप जवळ येतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं तर अमेरिकेला जाताना कमी वेळ लागला असता. लागतो उलट जास्त. मुंबईच्या सहार विमानतळाच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान पृथ्वीबरोबर आधीच ताशी १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असतं, त्याच्या भोवतीची हवाही. उडाल्यावर ते या हवेतच असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण तो जेट प्रवाहाच्या रूपाने, आणि नेमका उलट्या बाजूला.

हिवाळ्यात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक वाढतो आणि जेट प्रवाह जोर धरतात. त्यांची एक शाखा तर डिसेंबर ते मार्च उत्तर भारत आणि अरबस्तानावरच असते, म्हणजे मुंबई सोडून थोड्याच वेळात वारा समोर उभा. पावसाळ्यात ती शाखा हिमालयाच्या पलीकडे हटते आणि दक्षिण भारतावर उंचावर उलट पूर्वेकडून वारा वाहू लागतो. म्हणून जुलैत गेलेले लवकर पोचतात आणि जानेवारीत गेलेले रखडतात, असं ऐकू आलं तर त्यात तथ्य आहे.

अटलांटिकवर तर या वाऱ्यासाठी रोज नवे रस्ते आखतात. कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं मिळून दिवसातून दोनदा समांतर मार्गांचा एक संच जाहीर करतात. युरोपकडे येणाऱ्यांचे मार्ग जेट प्रवाहावर स्वार होतील असे, अमेरिकेकडे जाणाऱ्यांचे त्याला चुकवतील असे. काल आइसलँडजवळून गेलेलं विमान आज शेकडो किलोमीटर दक्षिणेला दिसलं तर वैमानिकाने वाट सोडलेली नसते, आज वारा तिथे बरा असतो.

आणि माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेला, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. वेळ? सुमारे साडेचौदा तास, आधीपेक्षा दोन-एक तास कमी. जास्त लांब गेलं आणि लवकर पोचलं, कारण पूर्वेला जाताना वारा पाठीशी होता. येताना अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच, पुन्हा वारा पाठीशी. एका फेरीत त्या विमानाची पृथ्वीप्रदक्षिणा होत होती. किलोमीटर आणि तास यांचं नातं आपण समजतो तितकं साधं नाही, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

इंधनाचं ओझं

बोइंग ७७७-३००ईआर च्या टाक्यांमध्ये १,८१,००० लिटरहून जास्त इंधन मावतं, वजनाने जवळजवळ १४५ टन. उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त अनुज्ञेय वजन ३५१ टन. लांब पल्ल्याला निघताना विमानाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग निव्वळ इंधन असतो, आणि त्यातलं बरंचसं इंधन बाकीचं इंधन वाहून नेण्यातच जळतं.

हे पडद्यावर दिसतं. सुरुवातीला उंची ३१,००० फुटांच्या आसपास असते, कारण जड विमानाला विरळ हवेत वर राहता येत नाही. काही तासांनी पुन्हा बघितलं तर ३५,०००, आणखी पुढे ३९,०००. इंधन जळून विमान हलकं झालं की वैमानिक टप्प्याटप्प्याने वर चढवतो, कारण वर हवेचा अडथळा कमी. झोपमोड होऊन इंजिनांचा आवाज थोडा वाढलेला जाणवला, तर बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

समोरचा वारा जोरात असेल त्या दिवशी जास्त इंधन घ्यावं लागतं, आणि वजनाची मर्यादा ठरलेली, म्हणून माल किंवा काही आसनं सोडावी लागतात. दिल्लीहून जाताना काही विमानांना व्हिएन्नाला उतरावं लागलं, याचं कारणही यातच आहे.

वाटेत वाकडेपणा येण्याचं आणखी एक कारण: दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या मिनिटांत पोचता येईल असा एखादा विमानतळ कायम आवाक्यात ठेवावा लागतो. अटलांटिकवर केफ्लाविक, गँडर, गूस बे ही नावं त्यासाठीच वैमानिकांच्या यादीत असतात. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या ७७७ च्या इंजिनात बिघाड झाला तेव्हा ते रशियाच्या अतिपूर्वेला, मगादानला उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी सुखरूप होते, दुसरं विमान जाऊन त्यांना पुढे घेऊन गेलं. मगादान त्या दिवशी अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. उड्डाणाची आखणी करणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

तिकिटावरचं घड्याळ

तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची न्यूयॉर्कची. सरळ वजाबाकी चुकते ती यामुळे. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे दोन्ही वेळा आपल्या घड्याळात आणायच्या. समजा मे महिन्यात मुंबईहून रात्री १.१० ला निघून त्याच दिवशी सकाळी ७.४० ला न्यूयॉर्क, असं तिकीट आहे. ७.४० मध्ये साडेनऊ तास मिळवा: आपल्याकडे संध्याकाळचे ५.१० झालेले असतील. १.१० ते ५.१०, सोळा तास. परतीचं सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.२० ला मुंबई. निघताना आपल्याकडे रात्रीचे ९ वाजलेत, तिथून सकाळी ११.२०, म्हणजे १४ तास २० मिनिटं. जाताना दिवस वाचला आणि येताना एक दिवस गेला असं जे वाटतं ते निव्वळ घड्याळाचं. आईच्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ ठरवताना मात्र हे फार महत्त्वाचं आहे. गोळी किती तासांनी घ्यायची ते मोजावं लागतं, हातातलं घड्याळ तिथे फसवतं. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तसा कागद लिहून घ्यावा.

हे सोळा तासही उडण्याचे नव्हेत. चाकांखालचे ठोकळे काढून विमान गेटवरून हललं, तिथपासून ते दुसऱ्या गेटला लागून ठोकळे पुन्हा बसले, तिथपर्यंतचा हा वेळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि रात्रीच्या गर्दीत उड्डाणाच्या रांगेत थांबावं लागतं. जेएफकेला उतरल्यावर गेटपर्यंतचा पल्लाही लांब असतो. कंपन्या हे सगळं धरून, वर थोडी ऐसपैस मिनिटं टाकून वेळापत्रक बसवतात, म्हणून "अर्धा तास आधीच पोचलो" अशी घोषणा इतक्यांदा ऐकू येते.

मुलगा सांगतो तो पूर्ण एक दिवस असा भरतो: सोळा तास विमान, त्याआधी विमानतळावर तीन-चार तास, पुण्या-नाशिकहून निघालात तर आणखी चार-पाच, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान आणि मग गाडीने न्यू जर्सी. पुण्याहून निघणाऱ्याचा तर एक दिवसही पुरत नाही.

न्यायला जाणाऱ्याने तिकिटावरच्या वेळेवर विसंबू नये. विमान सुटलं की थेट मागोवा दाखवणाऱ्या ॲपवर त्याचा अंदाजे पोचण्याचा वेळ बघावा. तो त्या दिवशीचा वारा आणि त्या दिवशीची वाट धरून काढलेला असतो, आणि विमान अटलांटिकच्या मध्यावर आल्यावर सहसा दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चुकत नाही. त्यात आई-बाबांच्या चालीने इमिग्रेशन आणि सामानासाठी दीड तास मिळवावा, आणि व्हीलचेअर सांगितली असेल तर ती कुठल्या दारातून बाहेर आणतात ते आधी विचारून ठेवावं.